उंच फांदीवरचा नेचा

नमस्कार श्रोतेहो. नर्सरीत 'बर्ड्स नेस्ट फर्न' म्हणून मिळणारा नेचा तुमच्यापैकी अनेकांच्या बाल्कनीत असेल. लांब, अखंड, चकचकीत पानं, मधोमध काळपट शीर. शास्त्रीय नाव अस्प्लेनियम निडस. उष्ण प्रदेशातल्या दमट जंगलांत त्याचं एकेक पान दीड मीटरपर्यंत जातं, आणि तिथे तो बहुतेक वेळा झाडावर राहतो. झाडावर राहतो, पण झाडाचं काही खात नाही. बांडगूळ नव्हे तो! पानांची ओंजळ करून वरून पडणारा पालापाचोळा झेलतो आणि तो कुजला की त्याच खतावर जगतो. आपल्याकडे सोसायट्यांमध्ये हाच पाला झाडून पेटवून देतात. जीव तुटतो हो बघून. खड्ड्यात टाका, कुंड्यांत घाला, पण पेटवू नका.

तर मला फार आवडणारी हकीकत अशी. बोर्निओ बेटावर, मलेशियाच्या साबा राज्यात, डॅनम व्हॅलीचं 438 चौरस किलोमीटरचं राखीव जंगल आहे. 2019 मध्ये तिथला एक पिवळा मेरांटी वृक्ष मोजला, तो 100.8 मीटर उंच भरला. अशा जंगलात केंब्रिज विद्यापीठाचे संशोधक फार्नन एलवुड आणि विल्यम फॉस्टर या नेच्यांच्या मागे लागले. पूर्वी झाडावर कीटकनाशकाचा धूर सोडायचे आणि खाली पडतील ते किडे मोजायचे. नेच्याच्या पोटात दडलेले त्यात सुटून जायचे. म्हणून हे दोराने वर चढले, नेचे खाली आणले आणि आतला कुजका पाला, मुळांचा गुंता धुंडाळला. मोठा नेचा 200 किलोपर्यंत! दोनशे किलो, श्रोतेहो, आणि तोही फांदीवर! आत मुंग्या, वाळवी, भुंगेरे, गोमा. या सगळ्यांचं वजन काढलं, तर एका मोठ्या नेच्यात जेवढे किडे, तेवढेच त्या झाडाच्या उरलेल्या सगळ्या माथ्यावर. पुन्हा सांगते, एक नेचा एकीकडे आणि बाकीचा अख्खा माथा दुसरीकडे, वजन जवळपास सारखं. 2004 साली हे 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात छापून आलं आणि तिथल्या झाडमाथ्यावरच्या किडामुंगीचा अंदाज जवळजवळ दुप्पट झाला.

कारण साधं आहे. वर दुपारी ऊन भाजून काढतं, तेव्हा नेच्याच्या आत ओल आणि गारवा असतो.

तुमच्या कुंडीतल्या नेच्याला सावली आणि दमट हवा द्या. पानामागे शिरेपासून तिरक्या निघालेल्या तपकिरी रेघा दिसल्या, तर ते त्याचे बीजाणू आहेत. रोग समजून औषध मारू नका.