कालनिर्णयातले शुक्रवार

(डिसेंबरअखेरीस एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेत केलेलं भाषण, थोडं संपादित करून.)

मंडळी, अध्यक्षांनी माझी ओळख ‘चित्रपट अभ्यासक’ अशी करून दिली. तेवढं मागे घ्या. मी बुकिंगवाला. लॅमिंग्टन रोडवर नाझ बिल्डिंगमध्ये एका वितरकाच्या ऑफिसात सव्वीस वर्षं टेबल सांभाळलं. कुठल्या गावच्या टॉकीजला कुठला सिनेमा कधी लावायचा ते ठरवायचं आणि मग फोनवर थिएटरमालकांच्या शिव्या खायच्या, असं ते काम. शिव्या बहुतेक वेळा रास्त असायच्या.

विषय दिलाय ‘नव्या वर्षात येणारे चित्रपट’. पुढच्या दोन रांगांत काही जण वही काढून बसलेत. त्यांनी वही मिटली तरी चालेल. नावांची यादी मी आणलेली नाही, कारण आज जाहीर झालेल्या तारखांपैकी बऱ्याच होळीपर्यंत बदललेल्या असतात. २०२० साली मार्च-एप्रिलच्या तारखा लावून बसलेले दोन मोठे हिंदी चित्रपट शेवटी पडद्यावर आले ते २०२१च्या नोव्हेंबर-डिसेंबरात. ती महामारी होती, मान्य. पण महामारी नसतानाही तारीख हलतेच. व्हीएफएक्स झालं नाही, सेन्सॉरचं प्रमाणपत्र आलं नाही, समोर कुणी मोठा आला. म्हणून यादीऐवजी मी हे आणलंय. नवं कालनिर्णय. अजून गुंडाळी नीट सुटलेली नाही.

आमच्या ऑफिसात डिसेंबरात नवं कालनिर्णय आलं की शेठ एकच वाक्य बोलायचे, “शुक्रवार काढा.” मी लाल पेन्सिल घेऊन बसायचो. बावन्न शुक्रवार. मग त्यावर एकेक करत फुल्या. हा परीक्षेत गेला, हा पितृपक्षात गेला, इथे खानसाहेब येतायत, इथे पाऊस. फुल्या मारून जे उरायचं ते मराठी सिनेमाचं वर्ष.

शुक्रवारचं एवढं काय, असं तुम्ही विचाराल. आपल्याकडे तो काही वेदांत सांगितलेला नाही. फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ गिरगावात कोरोनेशनला लागला ३ मे १९१३ला, तो शनिवार होता. ‘अयोध्येचा राजा’ मॅजेस्टिकला लागला ६ फेब्रुवारी १९३२ला, तोही शनिवारच. शुक्रवार नंतर रुळला. लोक त्याचं श्रेय ‘मुघल-ए-आझम’ला देतात, ५ ऑगस्ट १९६०, मराठा मंदिर. कुणी लक्ष्मीचा वार म्हणतं, कुणी म्हणतं पगार आणि सुट्टी यांच्या मधला दिवस. मला दुसरं कारण जास्त पटतं. लक्ष्मीला आमच्या धंद्यात मी तरी फार वेळा पाहिलेलं नाही.

आता जानेवारी. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण हा महिना आपला आहे.

हिंदीवाल्यांच्यात एक जुनी समजूत आहे, वर्षाचा पहिला शुक्रवार अपशकुनी. त्या दिवशी लावलेला सिनेमा पडतो. अंधश्रद्धा म्हणा, पण तिच्या पोटात हिशोब आहे. नाताळला वर्षातला एखादा मोठा चित्रपट येतो, तो दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात असतो. माणसांनी एकतीस तारखेला खिसा रिकामा केलेला असतो. बडे निर्माते त्यामुळे प्रजासत्ताक दिनाच्या आठवड्याकडे डोळे लावून बसतात. म्हणजे मधले दोन-तीन आठवडे पडदे मोकळे. आणि मोकळा पडदा दिसला की मराठी निर्मात्याला, एसटीत खिडकीची जागा रिकामी दिसल्यावर होतो तसला आनंद होतो.

आता ऐका. १ जानेवारी २०१०, ‘नटरंग’. ४ जानेवारी २०१३, ‘बालक-पालक’. ३ जानेवारी २०१४, ‘टाइमपास’. २ जानेवारी २०१५, ‘लोकमान्य’. १ जानेवारी २०१६, ‘नटसम्राट’. ६ जानेवारी २०१७, ‘ती सध्या काय करते’. २०१९ला ४ तारखेला ‘भाई’चा पूर्वार्ध, २०२०ला ३ तारखेला ‘धुरळा’. प्रत्येक तारीख वर्षाच्या पहिल्या शुक्रवारची. दुसऱ्यांनी ओवाळून टाकलेला दिवस आपण उचलला आणि त्याचा मुहूर्त केला. रवी जाधवांचे तर यातले पहिले तीन.

गंमत बघा, ‘नटरंग’ आणि ‘नटसम्राट’ दोन्ही बरोबर एक तारखेला, कारण त्या दोन वर्षी १ जानेवारीलाच शुक्रवार होता. असा योग २०२१लाही आला होता, पण तेव्हा थिएटरं निम्म्या खुर्च्यांवर चालू होती आणि त्या निम्म्याही रिकाम्या. पुढचा योग २०२७चा. त्या वर्षी शुक्रवारही त्रेपन्न. आमच्या धंद्यातल्या माणसाला त्रेपन्नावा शुक्रवार म्हणजे अधिक महिन्यात जावयाला मिळतो तसला वाण.

वाट बघणं म्हटलं की मला मात्र वेगळंच आठवतं. आमच्या वेळी एक तारखेचा सिनेमा सगळ्या महाराष्ट्राला एक तारखेला मिळत नसे. वितरणाच्या नकाशात महाराष्ट्र नावाचं राज्यच नव्हतं! पुणे, कोल्हापूर, नाशिक ‘बॉम्बे सर्किट’मध्ये, गोवा त्यातच, आणि गुजरातही त्यातच. विदर्भ ‘सीपी-बेरार’मध्ये, म्हणजे इंग्रजांच्या वेळच्या मध्य प्रांत-वऱ्हाडात, तिकडचे सौदे अमरावतीच्या ऑफिसांतून. आणि मराठवाडा ‘निझाम’ टेरिटरीत. निझाम गेला १९४८ला, संयुक्त महाराष्ट्र झाला १९६०ला, पण नांदेड-लातूरचा टॉकीजवाला नव्या शतकातही निझामाच्याच खात्यावर सिनेमा घ्यायचा. मराठी चित्रपटाच्या प्रिंट मोजक्या. पंधरा-सोळा रिळं, पत्र्याच्या पेट्या, एसटीच्या टपावर नाहीतर रेल्वेच्या पार्सल डब्यात. आधी पुण्या-मुंबईत चालणार, मग जिल्ह्याला, मग तालुक्याला. दिवाळीचा सिनेमा गावात यायचा तेव्हा पडद्यावर ओरखड्यांचा पाऊस पडत असायचा, आणि लोकांना तो नवाच असायचा.

आणि पेट्यांचा शेवटचा मुक्काम जत्रेतल्या सिनेमाच्या तंबूत. आमच्या सातारकडे पुसेगावला मार्गशीर्षात सेवागिरी महाराजांची यात्रा भरते, इंग्रजी वर्ष उलटायच्या आगेमागे. मग पौषात पालीचा खंडोबा, मांढरदेवची काळूबाई. तंबूवाल्यांचं नवं वर्ष हे. पहिली काही वर्षं मला शेठ रिप्रेझेंटेटिव्ह म्हणून तिकडे पाठवायचे. म्हणजे तंबूच्या दाराशी उभं राहून डोकी मोजायची, तिकिटांच्या गल्ल्यावर नजर ठेवायची आणि रात्री आमचा शेअर घेऊन पेटीच्या उशाला झोपायचं. जानेवारीची थंडी, खाली गव्हाचं काड. तिथे एका आजोबांनी मला विचारलं, “पुढच्या साली काय आणताय?” यंदाचा खेळ अजून सुरू व्हायचा होता! मी थाप मारली, “नवीन आणतो.” ते म्हणाले, “नवीन नको, माळीण मेलीये त्यातली, ती परत बघायचीय.” कुठल्या सिनेमाबद्दल बोलत होते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

असो. कॅलेंडरकडे वळू.

फेब्रुवारी-मार्चवर फार बोलण्यासारखं नाही. बारावी, दहावी, मग घराघरांतल्या बाकीच्या इयत्ता. मार्चअखेरीला आयपीएल सुरू होतं आणि संध्याकाळचा प्रेक्षक सोफ्यावर जातो. आमच्या हिशोबात हे सगळे शुक्रवार फुलीचे. पण फुल्या खोट्या ठरवणारं कुणीतरी येतं. २९ एप्रिल २०१६ला ‘सैराट’ आला तो ऐन आयपीएलमध्ये. परीक्षा मात्र संपल्या होत्या, पोरं मोकळी होती, जत्रांचे दिवस होते. रहिमतपूरला रात्री बारा आणि पहाटे तीनचे खेळ लावावे लागले. शंभर कोटींचा आकडा मराठीने तेव्हा पहिल्यांदा पाहिला. तोवर उन्हाळ्यात मराठी चालत नाही असं सांगणाऱ्यांत मीही होतो. माझ्यासमोर कुणी तारीख ठेवली असती तर मी लाल पेन्सिल उचलली असती, हे इथे कबूल करतो.

तसाच जून. शाळेची फी, रेनकोट, पेरणी. ३० जून २०२३, आषाढी एकादशीचा दुसरा दिवस, वारकरी परतीच्या वाटेवर. त्या दिवशी ‘बाईपण भारी देवा’ लागला. सहा बहिणी आणि मंगळागौर. बायका नऊवारी नेसून, गटागटाने, भिशी मोडून आल्या. सिनेमा बघायला जातोय असं नव्हतंच ते, हळदीकुंकवाला निघाल्यासारखं होतं. हे कुठल्याही बुकिंगवाल्याच्या कॅलेंडरात बसत नाही, कारण आमच्या कॅलेंडरात बायकांना वेळ कधी असतो याची नोंदच नव्हती.

गणपतीत दहा दिवस कोकणातली माणसं कोकणात आणि बाकीची मंडपात. त्यानंतर पितृपक्ष. पितृपक्षात नवं काही करायचं नाही, हा नियम आमचे शेठ इतक्या कडकपणे पाळायचे की नवी पेन्सिलही आणू द्यायचे नाहीत. आणि १९ सप्टेंबर २०२५ला, ऐन पितृपक्षात, रोहन कानवडे यांचा ‘साबर बोंडं’ लागला. वडील गेल्यावर दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी आलेल्या मुलाची गोष्ट. ही तारीख कुणी मुद्दाम काढली की योगायोग, देव जाणे. पण मला वाटलं, पंचांगाने स्वतः बुकिंग केलंय.

या चित्रपटामुळे वाट बघण्याचा आणखी एक प्रकार सांगतो. त्याचं नाव आपण पहिल्यांदा ऐकलं जानेवारीत. अमेरिकेत सनडान्सला त्याला परदेशी कथापटांच्या विभागातलं सर्वोच्च पारितोषिक मिळालं. बातमी जानेवारीअखेरची, तिकीट सप्टेंबरात. आठ महिने. जयंत सोमलकरांचा ‘स्थळ’, चंद्रपूरकडच्या गावातली मुलगी आणि बघण्याचे कार्यक्रम, टोरांटोला २०२३च्या सप्टेंबरात गाजला आणि आपल्याकडे लागला ७ मार्च २०२५ला. दीड वर्ष! ‘कोर्ट’ त्या मानाने लवकर. व्हेनिसला सप्टेंबर २०१४, इथे १७ एप्रिल २०१५. तेव्हा पुढच्या वर्षीचे सिनेमे शोधायचे तर ट्रेलर बघू नका, मागच्या वर्षीच्या महोत्सवांच्या बातम्या काढा. टोरांटो, व्हेनिस, गोव्याच्या इफ्फी महोत्सवातला भारतीय चित्रपटांचा पॅनोरमा विभाग. तिथे ज्यांची नावं आली आणि जे अजून कुठे लागलेले नाहीत, ते वाटेवर आहेत. मी अशी एक वही ठेवतो. तिच्यातल्या काही नावांपुढे तीन-तीन वर्षांत तारीख पडलेली नाही.

आता आलेल्या सिनेमाचं काय होतं, तेही सांगतो. ‘सांगत्ये ऐका’ १९५९चा. पुण्यात विजयानंदला १३१ आठवडे चालला. अडीच वर्षं! म्हणजे त्या सिनेमासाठी लोक थांबत नव्हते, सिनेमा लोकांसाठी थांबला होता. नव्या सुनेने पाहिला आणि तिचं बाळ रांगायला लागलं तरी उतरला नव्हता. आज गुरुवारी रात्री सिनेमाच्या फाइलचं कुलूप उघडणारी डिजिटल किल्ली येते, शुक्रवारी सकाळी खेळ सुरू, आणि सोमवारी सकाळी अकराला कुणीतरी संगणकासमोर बसून आकडा बघतो. आकडा पडला की मंगळवारपासून खेळ दोनावर, गुरुवारी शून्यावर. २०१५च्या एप्रिलमध्ये सरकारने मल्टिप्लेक्सना मराठीला प्राइम टाइम देणं सक्तीचं केलं. आधी संध्याकाळी सहा ते नऊ म्हणाले, मग ओरड झाल्यावर दुपारी बारा ते रात्री नऊ. दुपारी बारा हा प्राइम टाइम फक्त खानावळीचा असतो, पण कागदावर नियम पाळला गेला. कोविडआधी वर्षाला शंभराहून जास्त मराठी चित्रपटांना सेन्सॉरचं प्रमाणपत्र मिळायचं. फुल्या मारून उरलेले शुक्रवार किती? वीस धरा. एकेका शुक्रवारी मग चार-चार मराठी चित्रपट एकमेकांच्या अंगावर पडतात, आणि चौघांनाही सोमवार येतो.

माझ्या सौभाग्यवती म्हणतात, तुम्ही सिनेमाबद्दल बोलता तेव्हा हवामान खात्यासारखं बोलता. खरं आहे. पण मी अजूनही डिसेंबरात लाल पेन्सिल घेऊन बसतो. काम गेलं, सवय राहिली. या कॅलेंडरावर मी परवा खुणा केल्यात. ही पहिल्या शुक्रवारची. दोन मराठी चित्रपटांच्या तारखा तिथे आहेत असं ऐकतो; एक तरी सरकेल. सकाळी साडेनऊच्या खेळाला मी जाणार, सौभाग्यवतींना विचारून झालंय, त्या संध्याकाळच्या म्हणाल्या. सध्या आमच्यात तोच वाद आहे.

प्रश्न घेऊ या. मागच्या रांगेतल्या त्या ताई मघापासून हात वर करून आहेत. बोला ताई. काय? ‘ओटीटीवर कधी येणार?’

बसा. चहा आलाय.