एक मासा आजारी की अख्खा हौद?

श्रोतेहो, नमस्कार.

परवा सकाळी सहाच्या सुमाराला आळीतल्या एका वहिनींचा फोन आला. "सर, हौदातले गोल्डफिश सगळे वर आलेत. तोंडं उघडमीट करतायत. भूक लागली असेल म्हणून खायला घातलं, तर त्याच्याकडे बघतसुद्धा नाहीत. कुठलं औषध आणू?" मी म्हटलं, "औषध नको. बादलीनं हौदातलंच पाणी काढा आणि दोन हात उंचावरून परत हौदातच ओता. अर्धा तास हेच करा." वहिनींना तो सल्ला जरा वेडगळच वाटला असावा. पण साडेसातला त्यांचा पुन्हा फोन आला. मासे खाली गेले होते.

त्या माशांना कुठलाही रोग नव्हता. त्यांना श्वास घेता येत नव्हता. हौदातलं पाणी हिरवं झालं की आपण म्हणतो, चला, शेवाळ प्राणवायू देतं. देतं, पण उन्हात. रात्री तेच शेवाळ, तळातला गाळ आणि मासे असे तिघं मिळून साठलेला प्राणवायू वापरतात, आणि पहाटेपर्यंत तिजोरी रिकामी होते. त्यातून पाणी जितकं गरम तितका प्राणवायू कमी मावतो. १० अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण ११ मिलिग्रॅम राहू शकतो, तर ३० अंशांच्या पाण्यात साडेसातच. म्हणून मे महिन्यातली पहाट आणि पावसाळ्यातल्या चार-पाच दिवस झाकोळलेल्या आभाळानंतरची पहाट, या दोन वेळा मी घड्याळ लावून उठतो आणि हातात टॉर्च घेऊन परसात जातो. घरचे हसतात. हसू देत.

कुणीही माशाच्या आजाराबद्दल विचारलं की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: एक मासा की सगळे? एकच मासा कोपऱ्यात बसला असेल, तर माशाला काहीतरी झालं आहे. सगळेच एकाच दिवशी मलूल झाले असतील, तर पाण्याला काहीतरी झालं आहे. रोग घराघरातून फिरावा तसा आज एकाला, परवा दुसऱ्याला असा पसरतो. विष सगळ्यांना एकदम गाठतं. मोहराच्या दिवसांत आंब्यावर फवारणी झाली आणि संध्याकाळी हौदात मासे आडवे पडलेले दिसले, तर सूक्ष्मदर्शकाची गरज नाही. फवारणीतली पायरेथ्रॉइड जातीची कीटकनाशकं माणसाला फारशी बाधत नाहीत, पण माशाला अगदी थोडीसुद्धा पुरतात. शेजारच्या बागेत फवारणी असेल त्या दिवशी हौदावर ताडपत्री ओढा. एवढाच इलाज आहे, आणि तोही आधी करायचा.

दुसरा प्रश्न: पहाटे की दुपारी? पहाटेचं कारण सांगितलं. दुपारचं कारण थोडं आडवळणाचं आहे. मासा कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतो. पाण्यात हा अमोनिया दोन रूपांत असतो, एक बऱ्यापैकी निरुपद्रवी आणि दुसरं जहाल. कुठलं किती, ते पाण्याच्या सामूवर, म्हणजे पीएचवर ठरतं. २५ अंशांना पीएच ७ असेल तर जहाल भाग शेकडा एकाहूनही कमी, ८ असेल तर पाचाच्या आसपास, आणि ९ असेल तर तिसऱ्या हिश्श्याहून जास्त. आता गंमत बघा. आपल्या कोकणातलं जांभ्यातून आलेलं पाणी मऊ. त्याला स्वतःचा पीएच धरून ठेवायची ताकद कमी. शेवाळ दिवसभर पाण्यातला कार्बन डायऑक्साइड खातं आणि दुपारी तीन-चारला पीएच चढवून ठेवतं. म्हणजे सकाळी तपासलेलं पाणी "उत्तम" आणि दुपारी त्याच पाण्यात मासे कडेला घासतायत, उड्या मारतायत, परांच्या कडा लाल झाल्यायत. त्यामुळे अमोनियाची चाचणी दुपारी करा. मत्स्यालयाच्या सामानाच्या दुकानात थेंब टाकून रंग बघायची छोटी पेटी मिळते. औषधाच्या पाच बाटल्यांपेक्षा ती एक पेटी घ्या.

आणि आपल्याकडे तिसऱ्या, म्हणजे ते खायचे शिंपले, खाल्ल्या जातात ना? त्यांच्या शिंपल्या फेकू नका. स्वच्छ धुवा, उन्हात वाळवा, जाळीच्या पिशवीत भरा आणि पाणी पडतं त्या जागी टांगा. चुना हळूहळू विरघळतो आणि पीएच एकदम कोसळायचा थांबतो. पावसाळ्यात हे फार उपयोगी, कारण कौलांच्या पागोळ्या हौदात पडत असतील तर दोन रात्रींत हौदाचं पाणी म्हणजे निव्वळ पावसाचं पाणी होतं, आणि त्यात पीएच धरून ठेवायला काहीच नसतं. पाणी गढूळ दिसतं म्हणून तुरटी फिरवायचा मोह होईल. तुरटी पीएच आणखी खाली ओढते. नकोच ती.

आता माझी फजिती सांगतो, कारण ती सांगितल्याशिवाय पुढचं पटणार नाही.

माझा हौद सात फूट लांब, पाच फूट रुंद, पाणी दोन फूट. फेब्रुवारी महिना होता. एका सकाळी मोठ्या माशाच्या कल्ल्यावरच्या झाकणावर पांढरे ठिपके दिसले, मिठाच्या बारीक खड्यांसारखे. दुसऱ्या दिवशी आणखी दोघांवर. मी आयुष्यभर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं, तेव्हा निदान करायला कितीसा वेळ लागणार! व्हाइट स्पॉट, म्हणजे पांढऱ्या ठिपक्यांचा रोग. लगेच निळं औषध आणलं आणि अंदाजानं ओतलं. हौद शाईसारखा झाला. ठिपके होते तसेच राहिले. मी पुन्हा ओतलं. आठवड्याभरात दोन मासे गेले, आणि ते दोन्ही ठिपके नसलेले होते.

झालं होतं असं, की ते ठिपके रोगाचे नव्हतेच. विणीच्या दिवसांत गोल्डफिशच्या नराच्या कल्ल्यांच्या झाकणांवर आणि पुढच्या परांच्या पहिल्या काटीवर असे पांढरे कण उगवतात. नर वयात आल्याची ती खूण. मी लग्नाच्या मुंडावळ्यांना देवीचे फोड समजून बसलो. आणि त्या निळ्या औषधानं गाळणीतल्या खड्यांवरचे जिवाणू मारले. तेच जिवाणू अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करून पाणी राहण्याजोगं ठेवतात. त्यांची वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात, आणि मी ती दोन दिवसांत उठवली.

मग खरा व्हाइट स्पॉट ओळखायचा कसा? तो जागा निवडत नाही. शेपटीवर, पाठीवर, सगळ्या परांवर, नरांवर आणि माद्यांवर सारखाच येतो, आणि मासे अंग घासायला लागतात. प्रत्येक ठिपका म्हणजे कातडीखाली बसलेला एक परजीवी. तो तिथे आहे तोवर त्याला कुठलंही औषध लागू पडत नाही, कारण माशाची कातडीच त्याला झाकून ठेवते. तो गळून तळाशी पडतो, फुटतो, आणि त्यातून शेकडो पिल्लं नवा मासा शोधत पोहत सुटतात. औषध लागू पडतं ते या पोहणाऱ्या पिल्लांना. २५ अंशांच्या पाण्यात हा फेरा साधारण आठवड्याभरात पुरा होतो, थंड पाण्यात त्याला कितीतरी जास्त दिवस लागतात. म्हणून ठिपके गेले की उपचार थांबवणारा माणूस दहा दिवसांनी परत दुकानात दिसतो.

यावर माझा भरवसा मिठावर आहे. साधं खडं मीठ. प्रमाण लिटरला ३ ग्रॅम, म्हणजे हजार लिटरला ३ किलो. पण हजार लिटर की दोन हजार, हे आधी माहीत हवं. लांबी, रुंदी आणि पाण्याची खोली फुटांत मोजा, तिन्हींचा गुणाकार करा आणि त्याला २८नं गुणा. माझ्या हौदाचे सत्तर घनफूट, म्हणजे जवळजवळ दोन हजार लिटर, म्हणजे ६ किलो मीठ. एकदम नाही. दोन-दोन किलो, तीन दिवसांत, बादलीत विरघळवून. त्याआधी कमळाच्या कुंड्या बाहेर काढा, त्यांना मीठ सोसत नाही. मग दोन आठवडे तसंच ठेवा. आणि लक्षात घ्या, पाणी उडून जातं, मीठ उडत नाही. नुसती पातळी उतरली म्हणून भर घातलीत, तर त्या भरीला मीठ घालायचं नाही. पाणी उपसून काढलंत, तरच तेवढ्यापुरतं घालायचं. याच मिठानं नायट्राइटची बाधाही कमी होते, कारण मिठातला क्लोराइड कल्ल्यात शिरायच्या वाटेवर नायट्राइटला अडवतो.

डोळ्यांना दिसणारे पाहुणेही असतात. माशाच्या अंगावर मसुराएवढी चपटी, जवळजवळ पारदर्शक टिकली सरकताना दिसली तर ती माशांची ऊ. खवल्यांतून पांढरट सुताचा तुकडा लोंबत असेल आणि त्याच्या मुळाशी लाल फोड असेल तर अँकर वर्म. ही दोन्ही कोळंबी-खेकड्याची भावंडं. ओल्या फडक्यात मासा धरायचा, चिमट्यानं मुळापाशी पकडून काढायचं आणि जखमेवर पोव्हिडोन आयोडीनचा बोळा टेकवायचा. पण पाण्यात त्यांची अंडी-पिल्लं राहतातच. त्यांच्यासाठी लागणारी औषधं ही मुळात कीटकनाशकं आहेत, आणि ती मत्स्यतज्ज्ञाला विचारल्याशिवाय वापरू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. अशा वेळी विहिरीत टाकायचं पोटॅशियम परमँगनेट लोक हौदातही चिमटीनं टाकतात. हजार लिटरला २ ग्रॅम हे त्याचं प्रमाण. चिमटीत २ ग्रॅम मावले की ५, कोण सांगणार? सोनाराकडून तोलून आणा हवं तर.

देशावरच्या श्रोत्यांसाठी एक गोष्ट. माणसांच्या टेट्रासायक्लिन या अँटिबायोटिकच्या कॅप्सूल फोडून हौदात टाकायची पद्धत पुष्कळ ठिकाणी आहे. बोअरच्या जड पाण्यात ते औषध कॅल्शियमला चिकटून बसतं आणि निकामी होतं. माशापर्यंत पोचतं ते नावापुरतं.

काही वेळा हरायचं असतं. पोट फुगलं, वरून पाहिलं तर खवले सुरूच्या फळासारखे उभे, डोळे बाहेर आलेले, अशा माशाचे मूत्रपिंड बहुधा निकामी झालेले असतात. त्याला वेगळ्या टपात ठेवून मी प्रयत्न केले आहेत. वाचला तो एक. ज्याचे फार हाल होतात त्याच्यासाठी लवंगेचं तेल असतं. कोमट पाण्यात हलवून थोडं घातलं की मासा गुंगतो, जास्त घातलं की झोपेतच जातो. गटारात किंवा ओढ्यात जिवंत सोडून देणं ही दया नव्हे. तो मरतो, आणि मरण्याआधी त्याचा रोग ओढ्यातल्या माशांना देऊन जातो.

निदान होत नसेल, तर आपल्याकडे रत्नागिरीजवळ शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे, विदर्भ-मराठवाड्यात नागपूरला आणि उदगीरला आहेत. नेताना शक्यतो जिवंत, आजारी मासा न्या. मेलेला न्यायचा तर ताजा, बर्फावर, पण फ्रीझरमध्ये गोठवलेला नको, कारण गोठल्यावर पेशी फुटतात आणि तपासायला काही उरत नाही. हौदाचं पाणी वेगळ्या बाटलीत घ्या.

मी एकदा असाच देवरुखहून एसटीनं निघालो होतो. मांडीवर स्टीलचा डबा, झाकणाला भोकं. कंडक्टरनं तिकीट फाडता फाडता विचारलं, "डब्यात काय, काका? वास तर नाही ना येणार?" म्हटलं, "पेशंट आहे." त्यानं झाकण उचलून बघितलं, एक शब्द न बोलता पुढच्या सीटवर गेला, आणि समोर घाट नसूनही ड्रायव्हरला ओरडला, "सावकाश घे रे!"

नमस्कार.