माफीच्या फाइलमध्ये काय लिहितात?

[दृश्य : चार हुतात्मा चौक, दुपार. रिक्षा, सिटी बस, पुतळ्यांच्या गळ्यात सुकत चाललेले हार.]

सोलापुरात रिक्षावाल्याला 'चार पुतळा' एवढं म्हटलं की पुढे काही सांगावं लागत नाही. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. एक लिंगायत, एक मुसलमान, एक मराठा, एक मारवाडी. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवडा तुरुंगात चौघांना फाशी दिली. आपल्यासाठी ते हुतात्मे. सरकारी कागदावर मात्र ते खुनाचे आरोपी होते. मंगळवार पेठेच्या पोलीस चौकीवर जमाव चालून गेला, त्यात पोलीस मारले गेले, त्या खटल्यातले.

त्यांचं चरित्र आपण इथे सांगणार नाही, ते शाळेत ऐकलेलं असतं. आपला प्रश्न जरा अडचणीचा आहे. राजकारणापायी हिंसा झाली, माणसं मेली, कोर्टानं शिक्षा दिली. मग सरकारनं ती माफ करावी का? करायचीच तर फाइलवर कारण काय लिहावं?

[जुनी छायाचित्रं : गिरणीची चिमणी, फाटकाशी कामगार.]

मे १९३०. मिठाच्या सत्याग्रहात गांधीजींना अटक झाली आणि गिरण्यांचं हे गाव पेटलं. ८ मे रोजी रूपाभवानी मंदिराच्या बाजूला जमाव आणि पोलीस समोरासमोर आले. गोळीबार झाला, शंकर शिवदारे गेले. मग गर्दी आवरली नाही. चौकी जळली, कोर्टाची इमारत जळली. पोलीस रस्त्यावरून हटले आणि काही दिवस काँग्रेसचे स्वयंसेवक गाव सांभाळत होते. १२ मे रोजी मार्शल लॉ पुकारला, तो ३० जूनपर्यंत चालला. या दिवसांत गांधी टोपी घालणं हासुद्धा गुन्हा ठरला.

चौकीत मेलेले पोलीसही भारतीयच होते, हे आपण भाषणात सांगत नाही. सांगायला हवं. त्यांच्याही घरी बायकामुलं असणार, आणि त्यांच्या नावाचा चौक कुठे नाही.

तरीही चौघांसाठी दया मागितली गेली, आणि ती मागण्यात चूक नव्हती. कारण मारणं बरोबर होतं असं मागणाऱ्यांचं म्हणणं नव्हतं. हजारोंच्या गर्दीतून नेमके हेच चौघे कसे निवडले, साक्षीदार कोण होते, मार्शल लॉच्या दहशतीत ओळख पटवण्याला अर्थ किती, हा सवाल होता. यांनी उलट जमाव आवरायचा प्रयत्न केला होता, असं सोलापुरातली जुनी माणसं सांगत आली आहेत. अपील फेटाळलं गेलं, दयेची विनवणीही फेटाळली गेली.

फाशीनंतर दोन महिन्यांच्या आत, ५ मार्च १९३१ रोजी, गांधी-आयर्विन करार झाला. हजारो सत्याग्रही सुटले. पण करारातली अट स्पष्ट होती : ज्यांच्या गुन्ह्यात हिंसा किंवा हिंसेची चिथावणी नाही, त्यांनाच सोडायचं. भगतसिंग, राजगुरू, सुखदेव या अटीबाहेर राहिले. २३ मार्चला लाहोरला त्यांना फाशी झाली. आपले चौघे दोन महिने जास्त जगले असते तरी हा करार त्यांच्या कामाला आला नसता.

[दृश्य : जुनी वर्तमानपत्रं, पानं उलटताना.]

प्रांतांची सत्ता हातात आल्यावर काँग्रेसलाही हाच पेच पडला. संयुक्त प्रांत (आजचं उत्तर प्रदेश) आणि बिहारमधल्या काँग्रेस सरकारांना राजकीय कैदी सोडायचे होते, त्यातले काही हिंसेच्या गुन्ह्यातले. गव्हर्नर आडवे आले. फेब्रुवारी १९३८ मध्ये दोन्ही मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. तोड निघाली ती अशी : सरसकट सुटका नाही, प्रत्येक कैद्याचं प्रकरण वेगळं बघून निर्णय. त्या तडजोडीत मला तरी शहाणपण दिसतं.

स्वातंत्र्यानंतर हा अधिकार घटनेत आला. राष्ट्रपतींना अनुच्छेद ७२ खाली, राज्यपालांना १६१ खाली. सही त्यांची, पण सल्ला मंत्रिमंडळाचा आणि तो बंधनकारक. १९८८ साली केहरसिंग प्रकरणात (इंदिरा गांधींच्या खुनाच्या कटातला दोषी) सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की राष्ट्रपती खटल्यातला पुरावा स्वतः तपासू शकतात आणि कोर्टापेक्षा वेगळं मतही बनवू शकतात. त्यानं निकाल पुसला जात नाही. कोर्टाच्या नजरेतूनही काही निसटू शकतं, म्हणून ही शेवटची खिडकी. १९३१ मध्ये सोलापूरकर जे मागत होते ते हेच.

[दृश्य : सोलापूरचं जिल्हा न्यायालय, व्हरांडा, काळे कोट, बाकावर बसलेले पक्षकार.]

आता एक गोष्ट, जी सोलापुरातून निघते आणि आंध्रात जाते. या शहरातल्या कोर्टात एक तरुण पट्टेवाला म्हणून काम करायचा. पुढे फौजदार झाला, राजकारणात गेला, मुख्यमंत्री झाला. सुशीलकुमार शिंदे. नोव्हेंबर २००४ ते जानेवारी २००६ ते आंध्र प्रदेशचे राज्यपाल होते.

ऑगस्ट २००५ मध्ये त्यांच्यासमोर एक फाइल आली. राजकीय वैरातून झालेल्या खुनांच्या प्रकरणातला एक काँग्रेस कार्यकर्ता दहा वर्षांची सक्तमजुरी भोगत होता. त्याची पत्नी तेव्हा आमदार होती. राज्यात सरकार काँग्रेसचं. शिक्षेची सुमारे सात वर्षं उरली होती, ती माफ झाली.

मेलेल्यांच्या मुलांनी थेट सर्वोच्च न्यायालय गाठलं. खटला गाजला तो त्यातल्याच एकाच्या नावानं, एपुरू सुधाकर. न्यायालयाला मदत म्हणून ज्येष्ठ वकील सोली सोराबजींना नेमलं होतं. राज्यपालांना घटनेचं संरक्षण असतं, त्यांना कोर्टात खेचता येत नाही. म्हणून तपासली गेली ती फाइल.

आणि फाइल उघडली तेव्हा पंचाईत झाली. माफीच्या बाजूनं आलेल्या अहवालात शेरा होता की हा काँग्रेसचा चांगला कार्यकर्ता आहे. बाकी गोष्टींबरोबर हेही एक कारण! याच माणसाच्या पॅरोलबद्दल आधी अधिकाऱ्यांनी नकारार्थी अहवाल दिले होते, गावात शांतता बिघडेल म्हणून. बायको निवडून आली आणि अहवालांची भाषा बदलली. सरकारी कचेरीत ज्यानं कधी दाखला काढला आहे, त्याला हा बदल कसा होतो हे वेगळं समजवायला नको.

११ ऑक्टोबर २००६ रोजी न्यायमूर्ती अरिजित पसायत आणि न्यायमूर्ती एस. एच. कपाडिया यांनी माफी रद्द केली आणि सरकारनं अर्जाचा नव्यानं विचार करायला हरकत नाही असं म्हटलं. माफी द्या किंवा देऊ नका, असं त्यांनी सांगितलं नाही. जात, धर्म, पक्षनिष्ठा ही माफीची कारणं होऊ शकत नाहीत, हे मात्र ठणकावलं. विचार न करता, दुष्ट हेतूनं, महत्त्वाचे कागद दडवून किंवा भलत्याच कारणानं दिलेली माफी कोर्ट तपासेल.

एका सोलापूरकराच्या सहीची माफी रद्द झाली, म्हणून त्यांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करायचा आमचा इरादा नाही. सल्ला मंत्रिमंडळाचा होता. पुढे तेच शिंदे केंद्रात गृहमंत्री झाले. नोव्हेंबर २०१२ मध्ये कसाबचा दयेचा अर्ज राष्ट्रपतींनी फेटाळला आणि फाशी झाली ती येरवड्यातच. अर्ज राष्ट्रपतींच्या नावानं असला तरी फाइल गृह मंत्रालयातूनच जाते. कोर्टाच्या दारात पुकारा करण्यापासून त्या फाइलपर्यंतचा एवढा प्रवास क्वचितच कुणाच्या वाट्याला येतो.

सोलापूरच्या पूर्व भागात आजही घरोघरी तेलुगू बोलतात. आंध्रातली गटबाजी, गावकीची वैरं, कुणाचा माणूस कुणी सोडवला, हे इथे हातमागावर बसूनही ऐकायला मिळायचं. त्यामुळे ही 'तिकडची' गोष्ट म्हणून झटकता येत नाही.

[दृश्य : वॉशिंग्टन, ६ जानेवारी २०२१, वृत्तवाहिनीची क्षणचित्रं.]

आता थोडं लांब. ६ जानेवारी २०२१ रोजी निवडणूक हरलेल्या डोनाल्ड ट्रम्प यांच्या समर्थकांनी अमेरिकेच्या संसदेवर हल्ला केला. सुमारे १४० पोलीस जखमी झाले. चार वर्षं खटले चालले. एका संघटनेच्या म्होरक्याला २२ वर्षं शिक्षा झाली, दुसऱ्याच्या म्होरक्याला १८. मग २० जानेवारी २०२५ रोजी ट्रम्प पुन्हा अध्यक्ष झाले आणि त्याच दिवशी एका सहीत सुमारे १,५०० जणांना माफी दिली. १४ जणांची शिक्षा कमी केली. चालू खटले गुंडाळायला सांगितले. पोलिसांना मारहाण केलेलेही सुटले. तिकडे अध्यक्षाला मंत्रिमंडळाचा सल्ला लागत नाही, आणि अशी माफी का दिली हे कोर्ट विचारत नाही.

याला पूर्वपीठिका आहे, असं ट्रम्प यांचे समर्थक म्हणतील. आहेच. दारूवरच्या कराविरुद्ध पेनसिल्व्हेनियात शेतकऱ्यांनी १७९४ मध्ये बंड केलं, तेव्हा जॉर्ज वॉशिंग्टन स्वतः फौजेबरोबर निघाले होते. बंड शमलं. देशद्रोहात दोघे दोषी ठरले, आणि वॉशिंग्टन यांनी त्यांना माफ केलं. बंडाळीच्या वेळी नेमक्या क्षणी दिलेली माफी शांतता आणते, असा विचार त्यामागे होता.

पण वॉशिंग्टन यांनी माफ केले ते त्यांच्याविरुद्ध उठलेले लोक. ट्रम्प यांनी माफ केले ते त्यांच्यासाठी उठलेले. आमचं सगळं म्हणणं एवढ्यात आलं. विरोधकाला माफ करताना सत्ताधाऱ्याला काहीतरी गिळावं लागतं. आपल्या माणसाला माफ करताना तो फक्त हिशेब चुकता करतो, आणि पुढच्या वेळी दगड उचलणाऱ्याला आधीच कळतं की आपलं सरकार आलं की बाहेर.

[दृश्य : सर्वोच्च न्यायालयाचा घुमट.]

आपल्याकडे राज्यपालांपर्यंत न जाता, फौजदारी कायद्याखालच्या शिक्षामाफीतूनही हेच होतं. गुजरात दंगलीतल्या बिल्किस बानो सामूहिक बलात्कार आणि खून प्रकरणातल्या ११ जणांना गुजरात सरकारनं १५ ऑगस्ट २०२२ रोजी सोडलं. खटला मुंबईत चालला होता, म्हणजे अधिकार महाराष्ट्राचा. ८ जानेवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं ती माफी रद्द केली आणि अकराही जण परत तुरुंगात गेले. बिहारमध्ये तर २०२३ साली नियमच बदलला. कामावरच्या सरकारी नोकराच्या खुनातल्या कैद्याला लवकर सोडता येत नव्हतं, ती ओळ काढून टाकली आणि माजी खासदार आनंद मोहन सिंह बाहेर आले. १९९४ मध्ये जमावानं ठार केलेले जिल्हाधिकारी जी. कृष्णय्या यांच्या खुनात ते दोषी ठरले होते. कृष्णय्यांच्या पत्नीनं या सुटकेविरुद्ध दाद मागितली.

[दृश्य : सोलापूर जिल्हाधिकारी कार्यालय, पूनम गेट. घोषणा, बॅनर, बंदोबस्तातल्या महिला पोलीस.]

हे पूनम गेट. सोलापुरातलं बहुतेक प्रत्येक आंदोलन इथे येऊन थांबतं. निवेदनात दहा मागण्या असल्या तर त्यातली एक ठरलेली : आंदोलकांवरचे गुन्हे मागे घ्या. बहुतेक वेळा ती रास्तही असते. बंदी आदेश मोडला, रस्ता अडवला, पुतळा जाळला, एवढ्यावर पोरांची नोकरी अडते, पासपोर्ट अडतो. सरकारं अशा खटल्यांसाठी निकष लावतात : जीवितहानी नको, नुकसान ठरावीक रकमेच्या आत. मग सरकारी वकील अर्ज करतो आणि कोर्टाची संमती लागते. खासदार-आमदारांवरचा खटला असेल तर उच्च न्यायालयाची परवानगी हवी, असं सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट २०२१ मध्ये बजावलं आहे.

१ जुलै २०२४ पासून नवी नागरिक सुरक्षा संहिता, म्हणजे फौजदारी खटले कसे चालवायचे याचा कायदा, लागू झाली. तिच्यात दोन तरतुदी आहेत आणि त्या एकमेकींच्या तोंडाकडे बघतात. कलम ४७२ म्हणतं की फाशीच्या कैद्याच्या दयेच्या अर्जावर राष्ट्रपतींचा निर्णय अंतिम, तो कसा घेतला हे कोणत्याही कोर्टानं विचारायचं नाही. एपुरू सुधाकरमध्ये जे दार उघडलं होतं, त्यावर ही कडी लावायचा प्रयत्न आहे. आणि कलम ३६० म्हणतं की पीडिताला म्हणणं मांडायची संधी दिल्याशिवाय कोर्टानं खटला मागे घेऊ द्यायचा नाही.

म्हणजे इथे, पूनम गेटवर, दगड लागून शिपायाचं डोकं फुटलं आणि सरकारला तो खटला काढून घ्यायचा असेल, तर त्या शिपायाला कोर्टात बोलायची संधी द्यावीच लागते. राज्यपालांनी खुनाची उरलेली शिक्षा माफ करायची असेल, तर मेलेल्याच्या मुलाला आधी विचारायचं बंधन अनुच्छेद १६१ मध्ये नाही.

[काळोख. श्रेयनामावली.]