बांधावरनं खून होतो म्हणजे नेमकं काय होतं?

नमस्कार मंडळी, आज रंकाळ्यावर बसून शूट करतोय, मागनं भेळवाल्याचा आवाज येईल, तेवढं सांभाळून घ्या.

तर खून म्हटलं की आपल्या डोक्यात सुपारी, गँग, पिस्तूल असलंच येतंय, वेबसिरीज बघून बघून. पण एनसीआरबीचे, म्हणजे देशभरच्या गुन्ह्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी खात्याचे, 2022 चे आकडे काढा. देशात खुनाचे 28,522 गुन्हे, त्यातले 9,962 वादावादीतनं, हेच सगळ्यात मोठं कारण. पैशाअडक्याच्या फायद्यासाठी 1,884.

आता आपल्याकडची वादावादी म्हणजे काय, तर उसाचा बांध. शेजारचा दरवर्षी नांगरताना चार बोटं आत सरकतोय, ह्यो बघतोय पण बोलत नाही, घरात चुलता टोचतोय 'तू गप बसतोस म्हणूनच', पारावर पोरं चेष्टा करतात, आणि मग एकदा मोटारीला रात्रीची लाईट, दोघंच रानात, हातात खोरं. ते खोरं मारायला नेलेलं नसतंय ओ, दारं धरायला, म्हणजे उसाला पाणी पाजायला नेलेलं असतंय. राग दहा सेकंदाचा, पण त्याच्यामागं दहा वर्षांची खुन्नस, असं माझं मत. शहरात बांध नसला तर मोबाईलवरचं स्टेटस असतंय, 'का बघतोस रे' एवढंपण पुरतंय.

कायद्याचं पटकन सांगतो. 1 जुलै 2024 पासून खुनाचं जुनं कलम तीनशे दोन गेलं, भारतीय न्याय संहितेचं 103 आलं, शिक्षा तीच, फाशी नाहीतर जन्मठेप. आधी न ठरवता अचानक भांडणात घडलं तर सदोष मनुष्यवध, म्हणजे खुनापेक्षा कमी शिक्षेचा गुन्हा, कलम 105, असं वकील मांडू शकतो, पण ते कोर्टाला पटायला पाहिजे.

खरा विषय पुढं आहे. कळंबा जेलच्या बाहेर मला एक काकू भेटल्या, पोराला भेटायला आलेल्या, पिशवीत बनियन आणि टॉवेल. म्हणाल्या, वकिलापायी दोन म्हशी गेल्या, पोरीचं ठरलेलं लग्न मोडलं. आणि ज्याचा जीव गेला त्याचं घर? कमावता माणूस गेला, साक्षीदार सगळे भावकीतलेच, रोज तोंडासमोर, कोण कुणाविरुद्ध बोलणार. त्या घरच्यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं भरपाईसाठी अर्ज करता येतो, हे पण कोण सांगत नाही.

मी काकूंना विचारलं, बांधाची सरकारी मोजणी केलेली का? भूमी अभिलेखला अर्ज टाकून, फी भरून?

'आत्ता केली की,' म्हणाल्या. 'अर्धा गुंठा निघाला.'