ग्रिफिद: चार सत्ताधीशांचा कैदी

सेंट अल्बन्सच्या मठातील बखरकार मॅथ्यू पॅरिस याने आपल्या हस्तलिखितात काढलेले हे चित्र पाहा. बुरुजावरून दोर लोंबतो आहे आणि एक माणूस डोके खाली, पाय वर असा कोसळतो आहे. हा ग्रिफिद, वेल्समधील ग्विनेदचा राजा थोरला लेवेलिन याचा ज्येष्ठ, परंतु अनौरस पुत्र.

वेल्सच्या जुन्या रिवाजाप्रमाणे बापाने आपला मानलेल्या अनौरस मुलालाही वारसा मिळत असे. मात्र लेवेलिनची विवाहित पत्नी जोन ही इंग्लंडचा राजा जॉन याची कन्या होती, आणि तिच्या पोटच्या दाविदलाच गादी मिळावी म्हणून लेवेलिनने हा रिवाज मोडीत काढून 1222 मध्ये त्यावर पोपची संमतीही मिळवली.

ग्रिफिदचा पहिला बंदिवास मात्र त्याआधीचा. 1211 मध्ये जॉनकडून हरलेल्या लेवेलिनने त्याला ओलीस म्हणून इंग्लंडला दिले होते. जॉनने 1215 मध्ये दिलेल्या मॅग्ना कार्टामध्ये 'लेवेलिनच्या मुलाला' तत्काळ सोडण्याचे वचन आहे. एवढ्या गाजलेल्या सनदेत त्याचा उल्लेख झाला, तोही नावाशिवाय. पुढे खुद्द वडिलांनी त्याला 1228 पासून सहा वर्षे डेगानवीच्या किल्ल्यात डांबले, आणि नंतर दाविदने क्रिकिएथच्या.

1241 मध्ये त्याची पत्नी सेनाना हिने श्रूझबरी येथे इंग्लंडचा राजा तिसरा हेन्री याच्याशी करार केला. पतीची सुटका आणि राज्यातील त्याचा वाटा यांच्या बदल्यात तिने 600 मार्क इतकी रक्कम देऊ केली, शिवाय दोन धाकटे मुलगे ओलीस ठेवले. हेन्रीने दाविदला नमवले, ग्रिफिदला ताब्यात घेतले आणि सोडण्याऐवजी थेट टॉवर ऑफ लंडन या किल्ल्यात नेऊन ठेवले. त्यातला हिशेब उघड होता: दाविदने डोके वर काढलेच, तर त्याच्यापुढे उभा करायला हा भाऊ हाताशी हवा होता.

1 मार्च 1244, वेल्सचे संत डेव्हिड यांचा सण. चादरी आणि भिंतीवरचे पडदे एकमेकांना बांधून ग्रिफिद खाली उतरू लागला. तो अंगाने स्थूल होता, त्याच्या वजनाने दोर तुटला आणि मानेवर आपटून तो जागीच मेला.

दाविद 1246 मध्ये निपुत्रिक वारला आणि सत्ता ग्रिफिदच्याच मुलांकडे आली. 1248 मध्ये ग्रिफिदचे अवशेष वेल्समधील आबेरकॉनवीच्या मठात आणण्यात आले. भाऊबंदकी मात्र मिटली नाही: 1255 मध्ये त्याचा मुलगा लेवेलिन याने सख्खा भाऊ ओवेन याला लढाईत हरवले आणि पुढची वीसहून अधिक वर्षे कैदेत ठेवले.