एका जहाजामागे 20 कोटी लिटर

[दृश्य: वरून गाटूनची लॉक्स, म्हणजे पाणी भरून-सोडून जहाज चढवणारे-उतरवणारे दरवाज्यांचे हौद. कंटेनरांनी लादलेले जहाज हौदात शिरते.]

एकीकडे अटलांटिक, दुसरीकडे पॅसिफिक. मधला 80 किलोमीटरचा पनामा कालवा मात्र चालतो पावसाच्या गोड्या पाण्यावर. चाग्रेस नदीवर धरण बांधून गाटून तलाव भरला आणि ऑगस्ट 1914 मध्ये कालवा खुला झाला. तलाव समुद्रापेक्षा साधारण 26 मीटर उंच आहे. म्हणजे प्रत्येक जहाज आधी चढवायचे, तलावातून पलीकडे न्यायचे आणि पुन्हा उतरवायचे.

[जवळून: दरवाज्याची दोन पाने मिटतात.]

पोलादाचे एकेक पान दोन मीटरहून जाड, आतून पोकळ. मिटली की पाने सरळ रेषेत राहत नाहीत, उंच पाण्याच्या बाजूला टोक काढतात. मग पाणीच त्यांना एकमेकांवर दाबून धरते. हौद भरायला पंप नाही. झडपा उघडल्या की भिंतीतल्या साडेपाच मीटर व्यासाच्या बोगद्यांतून पाणी उताराने येते आणि तळाच्या भोकांतून वर उसळते. आठेक मिनिटांत हौद भरतो. गाटूनला असे तीन हौद चढायचे.

चढताना एक हौदभर पाणी तलावातून जाते, पलीकडे उतरताना आणखी एक. दोन्ही मिळून सुमारे 20 कोटी लिटर, आणि शेवटी ते समुद्राला मिळते. जहाज केवढे आहे याच्याशी या हिशेबाचा संबंध नाही. एकट्या शिडाच्या होडीलाही हौद तेवढाच भरावा लागतो, म्हणून लहान जहाजे जोडीने आत घेतात.

आपल्याकडच्या मापात सांगायचे तर दिवसाला 36 जहाजे गेली की चार दिवसांत एक टीएमसी संपते. खडकवासल्याचा साठा आठवडाभरात रिकामा होईल.

[दृश्य: पाऊस, तलावाची पातळी दाखवणारी पट्टी.]

इथे पाऊस साधारण मे ते डिसेंबर पडतो. 2023 मध्ये एल निनो आला आणि त्या वर्षीचा ऑक्टोबर 1950 पासूनच्या नोंदींत सर्वांत कोरडा ठरला. मग रेशनिंग सुरू झाले. आधी खोलीवर मर्यादा आली: नव्या मोठ्या लॉक्समधून जाणाऱ्या जहाजाचा तळ 50 फुटांऐवजी 44 फुटांपर्यंतच पाण्यात बुडू द्यायचा. जहाज तेच, पण शेकडो कंटेनर मागे ठेवायचे. नंतर संख्येवर मर्यादा आली. डिसेंबरात दिवसाला फक्त 22 जहाजे. ज्यांना थांबणे परवडत नव्हते त्यांनी लिलावात बोली लावली. नोव्हेंबरमध्ये एका जपानी कंपनीने रांग ओलांडण्यासाठी जवळपास 40 लाख डॉलर मोजले. टोल वेगळा.

दुसरी वाट सुएझची. पण नेमक्या त्याच हिवाळ्यात तांबड्या समुद्रात येमेनच्या हुथी बंडखोरांचे जहाजांवर हल्ले सुरू झाले. नाशिकची द्राक्षेसुद्धा त्या हंगामात केप ऑफ गुड होपला वळसा घालून युरोपला गेली.

[जवळून: शेजारशेजारचे दोन हौद, एकात पाणी चढते, दुसऱ्यात उतरते.]

पाणी वाचवण्याचा इथला सर्वांत साधा उपाय हा. जुन्या लॉक्सच्या दोन रांगा लगत आहेत. एका हौदातले पाणी समुद्राकडे सोडण्याऐवजी शेजारच्या हौदात वळवायचे. दोन्हीकडची पातळी एक झाली की प्रवाह थांबतो, म्हणून जेमतेम निम्मेच वाचते आणि वेळही जास्त लागतो. तरी दिवसाला सुमारे सहा जहाजांचे पाणी शिल्लक पडते. तलावाचे पाणी वापरणारी गाटून धरणावरची वीजनिर्मितीही थांबवली होती.

2016 च्या नव्या लॉक्सना प्रत्येक हौदाशेजारी तीन टाक्या आहेत. 60 टक्के पाणी पुन्हा वापरता येते. पण वापरलेल्या पाण्यात समुद्राचे मीठ मिसळलेले असते आणि ते हळूहळू वर तलावापर्यंत चढते. याच तलावाचे पाणी पनामा सिटी आणि कोलोन शहरे पितात. पंपाने समुद्राचेच पाणी वर का चढवत नाहीत, याचेही उत्तर हेच.

उरते नवे धरण. रिओ इंदिओ ही शेजारच्या खोऱ्यातली नदी अडवून नऊएक किलोमीटरच्या बोगद्याने पाणी गाटूनला आणायचे. अंदाज 160 कोटी डॉलरचा. जुलै 2024 मध्ये पनामाच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने कायद्याचा अडसरही गेला. बुडणाऱ्या गावांत सुमारे 2,000 माणसे राहतात. मोबदला कसा द्यायचा यावर कालव्याचे अधिकारी बोलतात. गावकरी होड्यांतून मोर्चे काढून सांगतात की आम्हाला हलायचेच नाही.

[दृश्य: गाटून तलाव, काठ उघडा पडलेला.]

चाग्रेसच्या काठची गावे 1913 च्या सुमारास अशीच पाण्याखाली गेली. तेव्हा बुडालेल्या जंगलाचे खुंट, पातळी उतरली की आजही वर येतात.