शेवटच्या शिट्टीनंतरचा तास : नव्या फुटबॉल स्टेडियमची जागा कशी निवडावी

श्रोतेहो,

एखाद्या शहरात नव्या फुटबॉल स्टेडियमचा विषय निघाला, की बैठकीच्या टेबलावर शहराचा नकाशा पसरला जातो आणि पहिला प्रश्न हमखास असा येतो, की एवढी मोठी मोकळी जमीन आहे कुठे? या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा शहराच्या कडेला सापडते. तिथली जमीन स्वस्त असते, आजूबाजूला विरोध करायला फारशी वस्ती नसते आणि त्यामुळे निर्णयही लवकर होतो. माझे आजचे म्हणणे असे आहे, की निवड चुकायला सुरुवात होते ती या पहिल्या प्रश्नापासूनच. आधी विचारायला हवे ते हे : सामना संपल्याची शिट्टी वाजल्यानंतर पुढच्या तासाभरात ही सगळी माणसे घरी कशी जाणार? जमिनीची किंमत, मातीचा कस, शेजाऱ्यांचे म्हणणे हे सारे महत्त्वाचे आहे आणि त्याकडे मी येणारच आहे. पण परतीच्या वाटेचे उत्तर ज्या जागेपाशी नाही, ती जागा फुकट मिळाली तरी महागच पडते.

थोडा हिशेब करून पाहू. चाळीस हजार प्रेक्षकांचे स्टेडियम धरा. सामन्याला येताना लोक दोन-अडीच तासांत विखरून येतात. कुणी लवकर येऊन खातो-पितो, कुणी सामना सुरू होता होता धावत पोहोचतो. परतताना मात्र सगळे एकाच वेळी उठतात. प्रेक्षकाला आपल्या आसनावरून मोकळेपणी चालता येईल अशा ठिकाणापर्यंत पोहोचायला आठ मिनिटांहून अधिक वेळ लागू नये, असे ब्रिटनमधील क्रीडांगण-सुरक्षेची मार्गदर्शिका सांगते. म्हणजे उत्तम बांधलेले स्टेडियम आपल्या पोटातली माणसे काही मिनिटांत बाहेर काढते आणि ती थेट रस्त्यावर येतात. हजार प्रवासी नेणारी रेल्वेगाडी दर तीन मिनिटांनी सुटली, तर एक मार्ग एका दिशेने तासाला वीस हजार माणसे नेतो. उरलेले वीस हजार मोटारींनी जाणार असतील आणि एका मोटारीत सरासरी अडीच माणसे धरली, तर आठ हजार मोटारी होतात. येण्याजाण्याच्या वाटांसकट एका मोटारीला पंचवीस चौरस मीटर जागा लागते असे मानले, तरी वाहनतळाला वीस हेक्टर लागतील. खुद्द प्रेक्षागाराचा पाया चार-पाच हेक्टरांत बसतो. चौपट-पाचपट जमीन केवळ मोटारी उभ्या करण्यासाठी ठेवायची, तीही वर्षातल्या पंचवीस-तीस दिवसांसाठी, आणि एवढे करूनही त्या आठ हजार मोटारी तासाभरात बाहेर पडायच्या तर बाहेर जाणाऱ्या चार-पाच मार्गिका तेवढ्यासाठीच मोकळ्या ठेवाव्या लागतात.

इंग्लंडमधील कॉव्हेंट्री शहरात 2005 मध्ये सुमारे साडेबत्तीस हजार आसनांचे नवे स्टेडियम उभे राहिले. शेजारून रेल्वेमार्ग जात होता, पण त्यावर स्थानक नव्हते. ते सुरू झाले 2016 मध्ये. मधली अकरा वर्षे प्रेक्षकांनी रूळ पाहिले आणि बसची वाट पाहिली. स्थानक नंतर होईल, रस्ता नंतर रुंद होईल, मेट्रो दुसऱ्या टप्प्यात येईल, अशी वाक्ये जागेच्या प्रस्तावात जिथे जिथे दिसतील, तिथे ती सुविधा अस्तित्वात नाही असे समजूनच निर्णय घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

स्थानक अगदी प्रवेशद्वाराला लागून असावे, असा एक समज आहे आणि तोही तपासून पाहण्यासारखा आहे. लंडनमध्ये आर्सेनल संघाचे 2006 मध्ये उघडलेले स्टेडियम होलोवे रोड या भुयारी रेल्वेच्या स्थानकापासून हाकेच्या अंतरावर आहे, तरीही सामन्याच्या दिवशी त्या स्थानकाचा वापर मर्यादित ठेवावा लागतो, कारण साठ हजारांच्या गर्दीपुढे त्याचे फलाट आणि उद्वाहक अपुरे आहेत. थोडे दूरचे फिन्सबरी पार्क किंवा हायबरी अँड इझ्लिंग्टन यांसारखी स्थानके गर्दीचा मोठा भाग वाहून नेतात. याउलट वेम्बलीला तीन वेगवेगळी स्थानके आहेत आणि त्यांतल्या वेम्बली पार्क स्थानकापासून स्टेडियमपर्यंत एक रुंद, सरळ पादचारी मार्ग आहे. त्या दहा-पंधरा मिनिटांच्या चालण्यात गर्दी आपोआप लांब पसरते आणि स्थानकाच्या दाराशी येते ती धारेसारखी, लोंढ्यासारखी नव्हे. म्हणून मी म्हणेन, की स्थानके एकाहून अधिक असावीत, ती वेगवेगळ्या दिशांना असावीत आणि किमान एक तरी थोड्या चालीच्या अंतरावर असावे.

एकाच वाटेवर सारा भार पडला की काय होते, हे 28 मे 2022 रोजी पॅरिसजवळच्या स्ताद द फ्रान्सने दाखवले. हे स्टेडियम उपनगरी रेल्वेचे दोन मार्ग आणि मेट्रो यांनी जोडलेले आहे. कागदावर याहून चांगली जागा शोधणे कठीण. पण चॅम्पियन्स लीगच्या त्या अंतिम सामन्याला एका उपनगरी मार्गावर संप होता, म्हणून लिव्हरपूलचे हजारो समर्थक दुसऱ्या मार्गाच्या स्थानकावरून आले, अरुंद वाटेवरच्या तिकीट-तपासणीपाशी तुंबले आणि सामना छत्तीस मिनिटे उशिरा सुरू झाला. पुढच्या स्वतंत्र चौकशीने प्रमुख जबाबदारी आयोजक संघटनेवर, म्हणजे युएफावर ठेवली आणि ते योग्यच होते. तरी जागा निवडणाऱ्याने त्यातून आपल्यापुरते एवढे घ्यावे, की प्रत्येक वाट बंद पडली आहे अशी कल्पना करून उरलेल्या वाटा मोजायच्या. 1989 मध्ये इंग्लंडमधील शेफील्डच्या हिल्सबरो स्टेडियममधल्या चेंगराचेंगरीत 97 माणसे गेली. तिथेही दोष गर्दी हाताळणाऱ्या व्यवस्थेचा होता. पण एका बाजूच्या मोजक्या फिरत्या दारांपुढे दाटलेली गर्दी हीच त्या दुपारची सुरुवात होती. प्रेक्षागाराबाहेर लोकांना थांबायला, मागे सरायला मोकळे आवार हवे, आणि ते नकाशावर आधी आखून मग उरलेल्या जागेत स्टेडियम बसते का ते पाहावे. आज बहुधा याच्या उलट होते.

आता कडेच्या जमिनीकडे वळू. शहराच्या कडेला जाणे हे सरसकट चूक आहे असे मी म्हणत नाही. म्युनिकचे स्टेडियम जिथे आहे, ते फ्रॉटमानिंग शहराच्या उत्तर टोकालाच आहे. पण तिथे भुयारी रेल्वेचा मार्ग होता, महामार्ग होते आणि स्टेडियमसाठी स्थानकाचा विस्तार केला गेला. शिवाय 21 ऑक्टोबर 2001 रोजी नागरिकांचे सार्वमत घेऊन सुमारे 66 टक्के मतांनी तो निर्णय झाला. अमेरिकेत शिकागोजवळच्या ब्रिजव्ह्यू या छोट्या उपनगराची गोष्ट वेगळी आहे. जेमतेम सोळा-सतरा हजार वस्तीच्या त्या गावाने दहा कोटी डॉलरहून अधिक रकमेचे कर्जरोखे काढून 2006 मध्ये वीस हजार आसनांचे फुटबॉल स्टेडियम बांधले. शहराची लोकल तिथवर पोहोचत नव्हती. 2020 मध्ये तिथे खेळणारा शिकागोचा संघ करार मोडण्यासाठी साडेसहा कोटी डॉलर देऊन शहराच्या मध्यभागी परतला. स्टेडियम आणि कर्ज गावाकडे राहिले. त्याच देशात कोलंबसचा संघ 1999 पासून मध्यवस्तीपासून दूर, जत्रेच्या मैदानाच्या आवारातल्या स्टेडियममध्ये खेळत होता. 2021 मध्ये तो मध्यवस्तीच्या कडेला बांधलेल्या नव्या स्टेडियममध्ये आला. स्टेडियम मध्यवस्तीत असले, की सामन्याला आलेला माणूस आधी आणि नंतर दोन तास शहरात रेंगाळतो. परतीची गर्दी त्यामुळे आपोआप विरळ होते, आणि हा लाभ कोणत्याही वाहनतळाने मिळत नाही.

स्टेडियममुळे शहराची भरभराट होते, हे आश्वासन मात्र मी देणार नाही. सार्वजनिक पैशातून बांधलेली स्टेडियम केलेला खर्च क्वचितच परत देतात, याबाबत अर्थशास्त्रज्ञांत जवळजवळ एकमत आहे. माणसाने सामन्यावर खर्च केलेला पैसा बहुधा शहरातल्याच दुसऱ्या करमणुकीतून वळलेला असतो. लीगच्या हंगामात एका संघाचे घरच्या मैदानावर सतरा-एकोणीस सामने होतात. इतर स्पर्धा आणि कार्यक्रम धरले तरी तीनशेहून अधिक दिवस ती वास्तू बंद असते. त्या बंद दिवसांत तिच्या चारी भिंतींना लागून काय असणार आहे, हे जागेच्या निवडीतच ठरते. पायथ्याशी दुकाने, शाळेचे खेळाचे मैदान, दवाखाना, रोजची ये-जा असलेली वाट असेल, तर ती भिंत शहराचा भाग राहते. नाहीतर चार-पाच हेक्टरांचा अडथळा होऊन बसते.

आकाराची चूकही जागेच्या माथी मारली जाते. तुरिनमध्ये 1990 च्या विश्वचषकासाठी बांधलेले देल्ले आल्पी जवळपास सत्तर हजारांचे होते, मैदानाभोवती धावपट्टी होती, प्रेक्षक खेळापासून दूर बसत आणि आसने रिकामी राहत. लोक म्हणत, जागाच वाईट. पुढे ते पाडून त्याच जागेवर 2011 मध्ये युव्हेंटसने एकेचाळीस हजारांचे, धावपट्टीविना स्टेडियम उभारले आणि ते भरू लागले. इंग्लंडमधील डार्लिंग्टन या छोट्या संघाने 2003 मध्ये पंचवीस हजार आसने बांधली. प्रेक्षक येत दोन-तीन हजार, आणि नियोजनाच्या अटींमुळे एरवीही दहा हजारांची मर्यादा होती. 2012 मध्ये संघाने ते स्टेडियम सोडले.

भूखंडाच्या आकाराविषयी थोडक्यात सांगतो. आंतरराष्ट्रीय सामन्यांचे मैदान 105 मीटर लांब आणि 68 मीटर रुंद असते. त्याचा लांब अक्ष साधारण उत्तर-दक्षिण असावा, म्हणजे मावळतीचा सूर्य गोलरक्षकाच्या डोळ्यांत येत नाही. मुख्य गॅलरी आणि कॅमेरे पश्चिमेला असले, की ऊन त्यांच्या पाठीशी राहते. पूर्व-पश्चिम लांबट भूखंड क्षेत्रफळाने पुरेसा असूनही याच कारणाने अडचणीचा ठरतो. मैदान जमिनीखाली उतरवायचे असेल तर भूजलाची पातळी पावसाळ्याच्या अखेरीस मोजावी, उन्हाळ्यात नव्हे. वाऱ्याचीही नोंद घ्यावी. इस्तंबूलच्या वेशीवरचे अतातुर्क ऑलिंपिक स्टेडियम दूरपणामुळे जितके गैरसोयीचे ठरले, तितकेच वाऱ्यामुळेही.

शेजाऱ्यांचा प्रश्न मला याहून जवळचा वाटतो. जर्मनीत फ्रायबुर्गच्या नव्या स्टेडियमला 2015 च्या सार्वमतात बहुमत मिळाले होते. तरीही 2019 मध्ये, बांधकाम चालू असताना, शेजाऱ्यांच्या अर्जावरून न्यायालयाने रात्री आठनंतरच्या आणि रविवारच्या भर दुपारच्या सामन्यांना मनाई केली. ती बंदी पुढे उठली, पण आवाजाचा प्रश्न भूखंड ठरवतानाच सोडवायचा असतो, हे सगळ्यांना कळून चुकले. बहुमत मिळाले म्हणजे खिडकीजवळ झोपलेल्या माणसाची झोप मोजून झाली असे होत नाही. जी घरे पाडावी लागतील त्यांचा विचार तर वेगळाच करावा लागतो. माझ्या मते, स्टेडियमसाठी राहती वस्ती उठवावी लागत असेल, तर तो पर्याय यादीतूनच वगळावा.

म्हणूनच बंद पडलेल्या कारखान्यांच्या आणि गोद्यांच्या जमिनी मला सर्वांत आशादायक वाटतात. त्या शहराच्या आत असतात आणि रेल्वे बहुधा जवळून जाते. स्ताद द फ्रान्स जुन्या गॅस कारखान्याच्या जमिनीवर उभे आहे. त्याआधी पॅरिसपासून बरेच दूर असलेले मेलं-सेनार ठरले होते आणि 1993 मध्ये निर्णय बदलून पॅरिसला लागून असलेले सँ-दनी, म्हणजे आजची जागा, निवडली गेली. अशा जमिनीत मुरलेली रसायने काढायला पैसा आणि वेळ लागतो, आणि तो अंदाजपत्रकात पहिल्या दिवसापासून दिसायला हवा. लिव्हरपूल शहरातल्याच एव्हर्टन संघाचा नव्या जागेचा शोध याहून शिकवणारा आहे. गुडिसन पार्क या 1892 पासूनच्या घराला पर्याय म्हणून आधी किंग्ज डॉक ठरले, ते पैशाअभावी गेले. मग शहराबाहेरचे कर्कबी आले, ते 2009 मध्ये सरकारने नाकारले. अखेर ब्रॅमली-मूर या जुन्या गोदीत पन्नास हजारांहून अधिक आसनांचे स्टेडियम 2025 मध्ये उघडले. त्यासाठी गोदी बुजवावी लागली, आणि 2021 मध्ये लिव्हरपूलच्या बंदराचा जागतिक वारसा दर्जा गेला त्याच्या कारणांत या योजनेचाही उल्लेख झाला. मला ही निवड एकंदरीत योग्य वाटते. पण किंमत मोजली गेली, आणि ती लपवू नये.

निर्णय कुणी घ्यायचा, याचे उत्तर केपटाऊनने अवघड करून ठेवले आहे. 2010 च्या विश्वचषकासाठी अथलोन या दुर्लक्षित भागाचे नाव पुढे आले होते. तिथे स्टेडियम झाले असते तर रस्ते, रेल्वे आणि रोजगार तिथे पोहोचले असते, असा आग्रह धरणारे अनेक होते. निवड झाली ती समुद्र आणि टेबल माउंटनच्या सान्निध्यातल्या ग्रीन पॉइंटची. स्पर्धा महिन्याभराची होती; पंचावन्न हजार आसनांच्या स्टेडियमची देखभाल शहराला दरवर्षी करावी लागते. चार आठवड्यांच्या पाहुण्याला कोणते दृश्य आवडेल, यावर कायमच्या रहिवाशांची जमीन ठरू नये.

म्हणून माझी एक सूचना आहे, आणि ती अगदी साधी आहे. अंतिम यादीतल्या प्रत्येक जागेवर निवड समितीने एका सुट्टीच्या रात्री साडेनऊ वाजता उभे राहावे आणि प्रत्येक स्थानकापर्यंत पायी चालत जावे, सोबत एक वृद्ध, एक लहान मूल आणि एक चाकाची खुर्ची असावी. वाटेत दिवे आहेत का, पदपथ किती रुंद आहे, कुठे रेल्वेचे फाटक आडवे येते, पाऊस आला तर आडोसा कुठे आहे, हे लिहून ठेवावे. बाद फेरीचा सामना जादा वेळ आणि पेनल्टींपर्यंत गेला तर तो पाऊण तास, कधी त्याहूनही अधिक लांबतो. तेवढा वेळ घड्याळात मिळवून मग फलाटावरच्या वेळापत्रकात पाहावे, की शेवटची गाडी सुटून गेली आहे की अजून यायची आहे.